लुईस आणि क्लार्क यांची मोहीम (१८०४–१८०६): कोऱ्या नकाशावरची रेघ नेमकी कोणाची?

होकायंत्र (धागालेखक)

१८०३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांच्यासमोर उत्तर अमेरिकेचा जो नकाशा होता, त्याच्या दोन्ही बाजू बऱ्यापैकी भरलेल्या होत्या आणि मधला भाग कोरा होता. रॉबर्ट ग्रे या व्यापारी कप्तानाने १७९२ मध्ये पॅसिफिकच्या बाजूने कोलंबिया नदीच्या मुखात जहाज घातले होते, आणि त्याच वर्षी ब्रिटिश नौदलाचे कप्तान व्हँकूव्हर यांच्या तुकडीतील ब्रॉटन हा अधिकारी नदीतून सुमारे १०० मैल आत जाऊन आला होता. पूर्वेकडून सेंट लुईसचे फरचे व्यापारी मिसूरी नदीने मँडन लोकांच्या गावांपर्यंत पोहोचत होते. या दोन टोकांच्या मध्ये काय आहे, याविषयी मात्र सारा मामला अंदाजपंचे होता. व्हर्जिनियातील ब्लू रिजसारखी डोंगराची एकच धार असेल, अलीकडे मिसूरी आणि पलीकडे कोलंबिया उगम पावत असेल आणि मध्ये होड्या खांद्यावर घेऊन थोडेसे चालावे लागेल, असे त्या काळच्या जाणत्या मंडळींनी गृहीत धरले होते. अलेक्झांडर मॅकेन्झी यांनी १७९३ मध्ये कॅनडातून पॅसिफिक गाठला होता आणि तिकडचा जलविभाजक खरोखरच बुटका निघाला होता, त्यामुळे या समजुतीला बळच मिळाले.

जेफर्सन यांनी काँग्रेसकडे २,५०० डॉलर मागितले ते १८ जानेवारी १८०३ रोजी, आणि तेही गुप्त संदेशाने, कारण तो मुलूख तेव्हा परक्यांचा होता. ३० एप्रिलला पॅरिसमध्ये फ्रान्सबरोबर लुइझियाना खरेदीचा करार झाला. दीड कोटी डॉलरच्या या सौद्यात प्रदेशाच्या नेमक्या हद्दी ना विकणाऱ्याला ठाऊक होत्या ना घेणाऱ्याला, आणि तेथे राहणाऱ्यांना तर कोणी विचारलेही नव्हते. त्यानंतर २० जून रोजी जेफर्सन यांनी आपले खासगी सचिव मेरिवेदर लुईस यांना लेखी आदेश दिले. त्या लांबलचक आदेशात वनस्पती, हवामान, भाषा, चालीरीती अशा सगळ्या गोष्टींच्या नोंदी ठेवायला सांगितले होते, परंतु त्याचा गाभा एकच होता: मिसूरीच्या वाटेने जाऊन व्यापारासाठी खंडाच्या आरपार जाणारा सर्वांत थेट आणि सोयीचा जलमार्ग शोधावा.

माझे म्हणणे या आदेशापासूनच सुरू होते. मोहिमेने ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे होते तो प्रश्नच चुकीच्या गृहीतकावर उभा होता, आणि तरीही मोहीम फसली नाही, याचे श्रेय मुख्यतः वाटेत भेटलेल्या मूळ रहिवाशांना जाते. जिथे लुईस आणि त्यांचे सहनायक विल्यम क्लार्क यांनी स्थानिकांचे ऐकले तिथे त्यांची गाडी पुढे सरकली, आणि जिथे कागदावरचा आदेश प्रमाण मानला तिथे त्यांचे आठवडेच्या आठवडे वाया गेले.

१४ मे १८०४ रोजी ही मंडळी मिसूरीच्या मुखासमोरील छावणीतून निघाली, तेव्हा त्यांच्याकडे ५५ फुटी मोठी नौका, दोन लहान होड्या आणि चाळीसहून अधिक माणसे होती. प्रवाहाच्या उलट जायचे असल्याने कधी शीड, कधी वल्ही, कधी बांबूसारख्या लांब काठ्या, आणि काहीच चालेना तेव्हा काठाच्या चिखलातून दोर ओढत नौका पुढे न्यायची, असा तो प्रवास होता. ऑक्टोबरअखेर ते आजच्या नॉर्थ डाकोटातील मँडन आणि हिदात्सा लोकांच्या पाच गावांपाशी पोहोचले आणि हिवाळ्यासाठी तेथेच त्यांनी लाकडी गढी बांधली. या गावांची एकत्रित वस्ती त्या वेळच्या सेंट लुईसपेक्षा मोठी होती. मका, सूर्यफूल आणि घेवडा पिकवणारी, दूरदूरच्या टोळ्यांशी देवघेव करणारी ही बाजारपेठच होती. पारा उणे ४५ अंश फॅरनहाइटपर्यंत उतरलेल्या त्या हिवाळ्यात मोहिमेच्या लोहारांनी मँडन योद्ध्यांसाठी लढाईच्या कुऱ्हाडी घडवून दिल्या आणि त्यांच्या बदल्यात मका घेतला, म्हणूनच सगळे तगले.

धान्याहूनही मोलाची गोष्ट तेथे मिळाली ती म्हणजे पुढच्या वाटेची माहिती. मँडन प्रमुख शेहेके यांनी जानेवारी १८०५ मध्ये पश्चिमेकडील प्रदेशाचा कच्चा नकाशा काढून दिला. घोड्यावरून रॉकी पर्वतापर्यंत स्वाऱ्या करणाऱ्या हिदात्सांनी कोणती नदी कुठे मिळते, धबधबा कुठे आहे, हे क्रमाने सांगितले. क्लार्क यांनी ते सगळे जोडून पश्चिमेचा नकाशा तयार केला आणि ७ एप्रिलला मोठ्या नौकेबरोबर परत पाठवला. म्हणजे ज्या प्रदेशात या दोघांनी अद्याप पाऊलही टाकले नव्हते, त्याचा नकाशा आधी तयार झाला.

जूनच्या सुरुवातीला मात्र हिदात्सांनी न सांगितलेली एक मोठी नदी उत्तरेकडून येऊन मिळाली. उत्तरेकडचा प्रवाह गढूळ, तपकिरी आणि संथ होता, म्हणजे आतापर्यंतच्या मिसूरीसारखाच. दक्षिणेकडचा प्रवाह स्वच्छ आणि वेगवान होता, आणि त्याच्या तळाशी गुळगुळीत गोटे होते. नदीवर आयुष्य घालवलेल्या पिएर क्रुझाटसह सगळ्यांचे मत उत्तरेच्या बाजूने पडले. दोन्ही कप्तानांनी उलटा विचार केला: ही नदी जर पर्वतातून नुकतीच बाहेर पडत असेल तर तिचे पाणी निवळशंखच असले पाहिजे, आणि गढूळ नदी माळरानातून फार लांबून येत असली पाहिजे. लुईस यांनी उत्तरेची नदी सुमारे ६० मैल पायी धुंडाळली, क्लार्क दक्षिणेकडे जाऊन आले, आणि तरीही लोकांची खात्री पटली नाही. ते केवळ शिस्तीखातर मागे आले. १३ जून रोजी लुईस पुढे चालत असताना त्यांना पाण्याचा गडगडाट ऐकू आला आणि धुरासारखे उडणारे तुषार दिसले. हिदात्सांनी सांगितलेला धबधबा तो हाच. त्यांनी सांगितलेले बेटावरच्या झाडातील गरुडाचे घरटेसुद्धा दुसऱ्या दिवशी लुईस यांना सापडले.

परंतु धबधबा एक नसून पाच होते, आणि घोड्यावरून जाणाऱ्यांना जे अंतर किरकोळ वाटत होते ते होड्या ओढत नेणाऱ्यांना सुमारे १८ मैलांचे पडले. कॉटनवुडच्या जाड बुंध्याच्या चकत्या कापून त्यांची चाके केली, होडीच्या डोलकाठीचा आस केला, आणि निवडुंगाचे काटे दुहेरी तळव्याच्या कातडी जोड्यांतून आरपार घुसत असताना माणसांनी हे गाडे ओढले. एवढे झाल्यावर लुईस यांनी हार्पर्स फेरीहून खास घडवून आणलेला नावेचा ३६ फुटी लोखंडी सांगाडा काढला, त्यावर कातडी चढवली, पण सांधे बुजवायला लागणारी पाइनची राळ त्या उघड्या माळावर कुठून मिळणार? कोळसा, मेण आणि चरबीचे मिश्रण सुकून गळून पडले आणि नाव पाण्यात ठेवताच झिरपू लागली. या सगळ्यात उन्हाळ्याचा उत्तम महिना खर्ची पडला.

१२ ऑगस्टला लुईस तीन साथीदारांसह लेम्हाय खिंडीत चढले. मिसूरीचा शेवटचा ओहोळ इतका लहान झाला होता की मॅकनील या शिपायाने त्याच्या दोन्ही काठांवर एकेक पाय ठेवून देवाचे आभार मानले. माथ्यावरून पलीकडे कोलंबियाचे खोरे दिसेल ही अपेक्षा होती, आणि दिसल्या त्या बर्फाच्छादित पर्वतांच्या रांगांमागून रांगा. जलमार्गाची कल्पना त्या दिवशी संपली.

यापुढचा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. शोशोनी लोकांकडून घोडे घेऊन, त्यांच्यातील एका वृद्ध वाटाड्याच्या मागे मंडळी ९ सप्टेंबरला आजच्या मोंटाना राज्यातील ट्रॅव्हलर्स रेस्ट या मुक्कामी आली. मिसूरी जिथे पर्वतांतून बाहेर पडते, तिथून या जागी जमिनीवरून चार दिवसांत येता येते, असे त्या वाटाड्याकडून त्यांना तेथे समजले. ते स्वतः त्या जागेवरून १९ जुलैला निघाले होते. चार दिवसांच्या वाटेसाठी ५२ दिवसांचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, तर नदीच्या उगमापर्यंत जा असे आदेशात लिहिले होते म्हणून.

रानवाटा

लेख अतिशय आवडला. एक शंका विचारतो. या सगळ्या संवादात भाषेचे काय होत होते? हिदात्सा, शोशोनी, इंग्रजी यांचा परस्परांशी काहीच संबंध नाही, मग नदीच्या वळणांसारखी बारीक माहिती इतक्या विश्वासाने कशी घेतली गेली असेल?

होकायंत्र

धन्यवाद. शोशोनी प्रमुख कॅमिआवेट यांच्याशी झालेल्या बोलण्याचे उदाहरण देतो. कप्तान इंग्रजीत बोलत. मोहिमेतील फ्रांस्वा लाबीश ते फ्रेंचमध्ये सांगे. मोहिमेचा दुभाषा शार्बोनो ते हिदात्सा भाषेत आपल्या पत्नीला, सकागवियाला, सांगे. आणि ती ते शोशोनी भाषेत प्रमुखाला सांगे. उत्तर याच मार्गाने उलटे येई. सप्टेंबरमध्ये सॅलिश लोक भेटले तेव्हा त्यांच्यात राहणाऱ्या एका शोशोनी मुलाची या साखळीत भर पडली. व्यापार आणि मैत्रीच्या गोष्टी अशा रीतीने कशाबशा पोहोचत. भूगोल मात्र बहुधा शब्दांवर अवलंबून राहिला नाही. कॅमिआवेट यांनी नद्या जमिनीवर रेघा ओढून दाखवल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना वाळूचे ढीग रचून हे बर्फाचे पर्वत असे सांगितले. पर्वतापलीकडच्या नेझ पर्स टोळीचे प्रमुख ट्विस्टेड हेअर यांनी पांढऱ्या कातड्यावर नदीचा मार्ग काढून दिला. शिवाय मोहिमेतील जॉर्ज ड्रुईयार हा खाणाखुणांच्या भाषेत निष्णात होता.

दुभाषा नसला की काय होते, याचेही उदाहरण आहे. सप्टेंबर १८०४ मध्ये टीटन सू लोकांशी गाठ पडली तेव्हा त्यांची भाषा जाणणारा चांगला माणूस बरोबर नव्हता. भेटवस्तूंवरून बोलणे फिसकटले, होडीचा दोर धरून ठेवला गेला, एकीकडे धनुष्ये ताणली गेली आणि दुसरीकडे तोफेवर माणूस उभा राहिला. ब्लॅक बफेलो या प्रमुखाने वेळीच आपल्या माणसांना आवरले, नाहीतर मोहीम तेथेच संपली असती.

शंकूछेद

सर्वेक्षणाच्या क्षेत्रात काम केलेले असल्याने दोन मुद्दे मांडावेसे वाटतात, आणि त्यातला एक लेखकाच्या विरोधात आहे.

पहिला मुद्दा असा की वाट माहीत असणे आणि नकाशा काढणे ही दोन वेगळी कसबे आहेत. क्लार्क रोज होकायंत्राने प्रत्येक वळणाची दिशा घेत आणि अंतर नजरेने अजमावत. नदीच्या एकेका दिवसाच्या नोंदीत अशी अनेक वळणे आहेत. अक्षांश सूर्याच्या उंचीवरून ठीक मिळत होते, परंतु रेखांशाचे काम बिघडले. फिलाडेल्फियात सुमारे अडीचशे डॉलरला घेतलेले क्रोनोमीटर, म्हणजे अचूक वेळ दाखवणारे घड्याळ, चावी द्यायची राहून गेल्याने किंवा अन्य कारणाने वारंवार बंद पडत असे. चंद्र आणि तारे यांच्यातील कोन मोजून घेतलेली निरीक्षणे पुढे फर्डिनांड हॅसलर या गणितज्ञाकडे दिली गेली, पण त्यांनाही त्यांतून काही धड निष्पन्न करता आले नाही. इतके असूनही क्लार्क यांचा नकाशा कितीतरी वर्षे पश्चिमेचा आधारभूत नकाशा राहिला, ते त्यांच्या नजरेच्या अंदाजामुळे. याच सुमारास, १८०२ मध्ये, विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला होता. दोन्ही कामे समकालीन आहेत, पण पद्धतीत जमीनअस्मानाचा फरक आहे: लॅम्बटन यांच्यामागे एका सत्तेचे सैन्य, मनुष्यबळ आणि वेळ होता, आणि क्लार्क यांना हिवाळा गाठायच्या आत पर्वत ओलांडायचे होते.

दुसरा मुद्दा ५२ दिवसांचा. चार दिवसांची ती वाट घोड्यावरची होती. जुलै १८०५ मध्ये मोहिमेकडे एकही घोडा नव्हता, आणि सामानसुमान होड्यांत होते. उगमापर्यंत गेल्यामुळेच शोशोनी भेटले आणि घोडे मिळाले. चार दिवसांची वाट आधी कळली असती तरी तिचा उपयोग कसा करणार होते? तेव्हा सगळा दोष आदेशावर ढकलणे मला तितकेसे पटत नाही.

होकायंत्र

घोड्यांचा मुद्दा रास्त आहे, आणि लेखात तो यायला हवा होता असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. तरीही माझे मत मी पूर्णपणे सोडणार नाही. परतीच्या प्रवासात लुईस यांनी नेमकी हीच वाट धरली. ३ जुलै १८०६ रोजी ट्रॅव्हलर्स रेस्टहून निघून ते सुमारे आठ दिवसांत धबधब्यांपाशी पोहोचले. सेंट लुईसला परतल्याच्या दिवशी, २३ सप्टेंबरला, त्यांनी जेफर्सन यांना जे पत्र लिहिले त्यात हाच मार्ग शिफारस म्हणून मांडला: मिसूरीने धबधब्यांपर्यंत २,५७५ मैल, मग ३४० मैल जमिनीवरून, आणि पुढे ६४० मैल पाण्यातून समुद्रापर्यंत. त्या ३४० मैलांपैकी १४० मैल भयंकर पर्वतांचे आहेत, हेही त्यांनी मान्य केले. थोडेसे चालावे लागेल या मूळ कल्पनेचे हे ३४० मैल झाले होते. राष्ट्राध्यक्षांना नकार कळवताना तो होकारासारखा कसा मांडावा, याचा हे पत्र एक नमुना आहे.

वाटाड्यांच्या महत्त्वाविषयी आणखी एक गोष्ट. जून १८०६ मध्ये परतताना नेझ पर्स लोकांनी बर्फ वितळेपर्यंत थांबा असे बजावले होते. तरी ही मंडळी वाटाड्याशिवाय रॉकी पर्वत ओलांडणाऱ्या लोलोच्या डोंगरवाटेवर चढली, १०–१५ फूट बर्फात वाट हरवली आणि १७ जूनला माघारी फिरली. काही दिवसांनी नेझ पर्स तरुणांना बंदुकांचे मोल देऊन सोबत घेतले, तेव्हा तीच वाट सहा दिवसांत पार झाली. आदल्या शरद ऋतूत तिला अकरा दिवस लागले होते, आणि त्या अकरा दिवसांत शिंगरे मारून खावी लागली होती.

वैद्यबुवा

आरोग्याच्या अंगाने थोडी भर घालतो. अठ्ठावीस महिन्यांत केवळ एक मृत्यू झाला: सार्जंट चार्ल्स फ्लॉइड, २० ऑगस्ट १८०४, आजच्या सू सिटीजवळ. वर्णनावरून आंत्रपुच्छ फुटले असावे असे मानतात. तसे असेल तर त्या काळी फिलाडेल्फियातील उत्तम डॉक्टरही त्याला वाचवू शकला नसता. औषधांत सर्वाधिक वापरल्या गेल्या त्या डॉ. बेंजामिन रश यांच्या जालीम रेचक गोळ्या. त्यांत पारा होता, आणि संशोधकांनी ट्रॅव्हलर्स रेस्ट येथील शौचाच्या चराची माती तपासून, त्यात पाऱ्याचा अंश सापडल्यावर, छावणीची नेमकी जागा निश्चित केली.

जेफर्सन यांनी देवीची लस बरोबर न्यावी आणि मूळ रहिवाशांना तिचा उपयोग समजावून सांगावा असेही आदेशात लिहिले होते. लुईस यांनी १८०३च्या ऑक्टोबरात, म्हणजे मिसूरी गाठण्याआधीच, लस निकामी झाल्याचे कळवले. हीच अडचण आपल्याकडेही होती. युरोपातून कोरडी लस पाठवण्याचे प्रयत्न फसत होते. अखेर बगदाद–बसरा मार्गाने एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी जिवंत साखळी करून ती मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. मिसूरीवर अशी साखळी कोणी उभारली नाही. ज्या मँडन गावांनी मोहिमेला हिवाळाभर पोसले, त्यांच्यावर १८३७ मध्ये नदीतून आलेल्या आगबोटीबरोबर देवीची साथ आली, आणि शे-सव्वाशे माणसेच शिल्लक राहिली.

शेवंती

सकागविया मोहिमेची मार्गदर्शक होती असे आम्ही शाळेत मुलांना सांगत आलो आहोत, डॉलरच्या नाण्यावरही ती आहे. या लेखात मात्र ती केवळ दुभाषी म्हणून येते. तिचे श्रेय कमी होत नाही ना?

होकायंत्र

श्रेय कमी करण्याचा हेतू नाही, परंतु ते योग्य जागी द्यावे असे मला वाटते. ती शोशोनी होती. बारा-तेरा वर्षांची असताना हिदात्सांनी तिला पळवून नेले होते. ११ फेब्रुवारी १८०५ रोजी तिला मुलगा झाला आणि दोन महिन्यांच्या आत ते तान्हे मूल पाठीशी बांधून ती निघाली. वाट दाखवणे तिला एरवी शक्यच नव्हते, कारण बहुतेक प्रदेश तिने कधी पाहिलेला नव्हता. ऑगस्ट १८०५ मध्ये बीव्हरहेड नावाचा खडक तिने ओळखला आणि आपले लोक जवळच आहेत हे सांगितले. परतताना क्लार्क यांना आज बोझमन म्हणतात ती खिंडही तिनेच सुचवली. पण १७ ऑगस्टला बोलणी सुरू असताना समोरचा प्रमुख आपला भाऊच आहे हे तिला उमगले, तिने उठून त्याला मिठी मारली आणि रडत रडतच दुभाषाचे काम पुढे चालवले. घोड्यांचा व्यवहार त्यानंतर झाला. शिवाय पुरुषांच्या टोळीत बाई आणि मूल पाहून ही लढाईवर निघालेली माणसे नाहीत अशी समोरच्यांची खात्री पटते, असे क्लार्क यांनी स्वतः लिहिले आहे. तिच्या नवऱ्याला मोहिमेच्या शेवटी ५०० डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली, तिला काहीही मिळाले नाही.

कोलंबियाकाठी

मी ऑरेगन राज्यात राहतो आणि फोर्ट क्लॅटसॉपची प्रतिकृती येथून जवळच आहे. ज्यांनी कोकणातील पाऊस पाहिला आहे त्यांना इथला पाऊस जोराचा वाटणार नाही, पण तो थांबतच नाही, हा त्याचा खरा जाच आहे. १८०५–०६ च्या हिवाळ्यात मोहिमेने येथे काढलेल्या १०६ दिवसांपैकी केवळ बारा दिवस पावसाविना गेले. अंगावरची कातडी कुजत होती, एल्क हरणाचे मांस वाळायच्या आधी नासत होते, आणि माणसे समुद्रकाठी जाऊन दिवसरात्र पाणी आटवून मीठ करत होती.

ही छावणी कुठे बांधायची हे २४ नोव्हेंबर १८०५ रोजी सर्वांचे मत घेऊन ठरले आणि त्यात यॉर्क या क्लार्क यांच्या गुलामाचे मतही नोंदवले गेले. हा प्रसंग येथे मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. त्याच्या पुढची गोष्ट तितकी सांगितली जात नाही. शिपायांना दुप्पट पगार आणि प्रत्येकी ३२० एकर जमीन मिळाली, यॉर्कला काही मिळाले नाही. त्याने आपल्या पत्नीजवळ, लुईव्हिलला, राहू देण्याची आणि सुटकेची मागणी केली, तेव्हा क्लार्क संतापले. आपण त्याला फटके दिल्याचे त्यांनी भावाला लिहिलेल्या पत्रांत नमूद आहे. ही पत्रे फार उशिरा, विसाव्या शतकाच्या अखेरीस उजेडात आली.

रोखठोक

यॉर्कचा उल्लेख झाला हे बरे झाले. पण माझ्या मते धागालेखकही थोडे हात राखूनच लिहीत आहेत. मदत करणाऱ्या टोळ्यांचे आभार मानून विषय संपत नाही. लुईस प्रत्येक प्रमुखाला जेफर्सन यांची मुद्रा असलेले पदक देत होते आणि तुमचा आता नवा पिता आहे, असे सांगत होते. जे लोक पाहुणे म्हणून स्वागत करत होते, त्यांना आपण प्रजा ठरवले गेलो आहोत याची कल्पनाही नव्हती. २७ जुलै १८०६ च्या सकाळी टू मेडिसिन नदीकाठी ब्लॅकफीट तरुणांशी चकमक होऊन त्यांतले दोघे मारले गेले, तेव्हा लुईस यांनी एका मृताच्या गळ्यातील पदक तसेच ठेवले, आपण कोण होतो हे मागाहून येणाऱ्यांना कळावे म्हणून. याला शोधमोहीम म्हणायचे की कब्जाची पूर्वतयारी?

होकायंत्र

दोन्ही, आणि आदेशात दोन्ही उघडपणे लिहिलेले आहे. व्यापार हा त्याचा जाहीर हेतू होता. टू मेडिसिनच्या प्रसंगात मला पदकापेक्षा आदल्या रात्रीचे बोलणे अधिक महत्त्वाचे वाटते. शोशोनी, नेझ पर्स अशा पर्वतापलीकडच्या टोळ्यांशी आपण सलोखा केला आहे आणि त्यांच्याशी व्यापार सुरू होणार आहे, असे लुईस यांनी खुणांच्या भाषेत ब्लॅकफीटांना मोठ्या विश्वासाने सांगितले. ब्लॅकफीटांकडे कॅनडातील व्यापाऱ्यांच्या बंदुका होत्या आणि त्यांच्या शत्रूंकडे त्या जवळपास नव्हत्या. त्यांचे सारे वर्चस्व त्यावर टिकून होते. शत्रूच्या हाती लवकरच बंदुका येणार, एवढाच अर्थ त्यांनी घेतला असेल तर त्यात नवल नाही. पहाटे त्यांनी आधी बंदुका आणि मग घोडे पळवण्याचा प्रयत्न केला.

रानवाटा

शेवटचा प्रश्न. इतक्या नोंदी केल्या होत्या, तर निवडुंग, प्राणी, पक्षी यांविषयीच्या शोधांचे श्रेय या मोहिमेला तेव्हा का मिळाले नाही?

होकायंत्र

कारण पुस्तक वेळेवर निघाले नाही. लुईस यांनी परतल्यावर तीन खंडांची घोषणा केली, पण मुद्रणासाठी एकही प्रकरण लिहून दिले नाही, आणि ११ ऑक्टोबर १८०९ रोजी नॅचेझच्या वाटेवरील एका धर्मशाळेवजा घरात गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. बहुतेक इतिहासकार ती आत्महत्या मानतात. क्लार्क यांनी निकोलस बिडल यांच्याकडून प्रवासवर्णन तयार करून घेतले, ते १८१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून निसर्गविज्ञान जवळजवळ वगळले होते, कारण तो खंड निसर्गशास्त्रज्ञ डॉ. बार्टन लिहिणार होते, आणि ते १८१५ मध्ये निवर्तले. दरम्यान इतरांनी त्याच प्राण्यांना आणि पक्ष्यांना स्वतः शोधल्याच्या थाटात नावे दिली. वनस्पतींच्या बाबतीत वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पुर्श यांनी १८१४ मध्ये लुइसिया आणि क्लार्किया अशी नावे देऊन काही प्रमाणात परतफेड केली. त्यांतील लुइसियाचे वाळलेले मूळ फिलाडेल्फियात मातीत लावल्यावर पुन्हा फुटले होते. मूळ रोजनिशी सबंध छापली गेली ती १९०४ मध्ये, थ्वेट्स यांच्या संपादनाखाली, म्हणजे मोहीम निघाल्यानंतर शंभर वर्षांनी.